रविवारी जिम बंद असते, तेच बरं!

आपल्या हॉस्टेलच्या जिमला रविवारी कुलूप असतं. दरवर्षी नवीन बॅच आली की दोन महिन्यांच्या आत रेक्टर सरांकडे एक अर्ज जातोच जातो : "जिम रविवारीही उघडी ठेवावी, ही नम्र विनंती." मी सेकंड इयरला असताना असा अर्ज गेला होता. त्यावर माझी नुसती सही नव्हती, तो लिहिलाच मी होता. आज अंतिम वर्षात तोच अर्ज कोणी माझ्यासमोर धरला तर मी सही करणार नाही. का करणार नाही, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

सुरुवातीलाच एक खुलासा. हा लेख आळशी लोकांसाठी नाही. ज्यांचा व्यायाम गेली तीन वर्षं "उद्या सकाळपासून" सुरू होणार आहे, त्यांनी या लेखाचा दाखला देऊन आणखी झोपू नये. हा लेख आहे तो पहाटे साडेपाचला उठून ग्राउंडवर जाणाऱ्यांसाठी, रोज संध्याकाळी डंबेल्ससाठी नंबर लावणाऱ्यांसाठी, आणि एक दिवस चुकला तर ज्यांना अपराध्यासारखं वाटतं त्यांच्यासाठी.

वर्कशॉपमधलं वेल्डिंग मशीन

फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंगच्या जॉबला आपण सगळेच रडलो आहोत. त्या मशीनवर एक पाटी असते, तिकडे कोणी बघत नाही. तिच्यावर 'ड्यूटी सायकल' लिहिलेली असते. समजा ती ६० टक्के असेल, तर त्याचा अर्थ असा की दिलेल्या करंटवर दर १० मिनिटांत ६ मिनिटं वेल्डिंग करा आणि ४ मिनिटं मशीनला थंड होऊ द्या. ती ४ मिनिटं दिली नाहीत तर वाइंडिंग तापतं, इन्सुलेशन जळतं आणि मशीन कामातून जातं. इलेक्ट्रिकलच्या मित्रांना मोटरची एस-१ आणि एस-३ रेटिंग्ज माहीत असतील. सतत चालायला बनवलेली मोटर वेगळी आणि थांबून-थांबून चालायला बनवलेली वेगळी.

माणसाचं शरीर कोणत्या रेटिंगचं? हृदय आणि श्वासाचे स्नायू सोडले तर बाकी सगळं थांबून-थांबून चालणारं. पण मशीनमध्ये आणि शरीरात एक मोठा फरक आहे, आणि या लेखाचा सगळा मुद्दा त्या फरकातच आहे. मशीन थांबलं की फक्त थंड होतं, ते पहिल्यापेक्षा चांगलं होत नाही. शरीर थांबलं की दुरुस्त होतं, आणि दुरुस्त होताना पहिल्यापेक्षा थोडं मजबूत होतं. म्हणजे विश्रांती ही व्यायामातली खंड नाही, व्यायामाचं फळ मिळण्याची ती वेळ आहे.

ताकद वाढते कधी?

आपल्याला वाटतं, बेंच प्रेस मारताना छाती वाढते. प्रत्यक्षात त्या तासाभरात ताकद कमीच होते. विश्वास बसत नसेल तर शेवटचा सेट संपल्यावर लगेच पहिल्या सेटचं वजन उचलून बघा. व्यायाम करताना स्नायूंच्या धाग्यांमध्ये अतिशय सूक्ष्म इजा होतात, साठवलेलं इंधन संपतं, मज्जासंस्था थकते. मग तुम्ही मेसमध्ये जेवता, झोपता, आणि खरं काम तेव्हा सुरू होतं. जड व्यायामानंतर स्नायूत नवीन प्रथिनं तयार होण्याचा वेग साधारण २४ ते ४८ तास वाढलेला राहतो. स्नायूंच्या धाग्यांना चिकटून असलेल्या 'सॅटेलाइट' पेशी जाग्या होऊन दुरुस्तीला लागतात. ही दुरुस्ती पूर्ण व्हायच्या आत तोच स्नायू पुन्हा रगडला, तर अर्धवट प्लास्टर केलेली भिंत पुन्हा फोडल्यासारखं होतं.

इंधनाचंही तसंच. स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास ग्लायकोजेन साठवलेलं असतं. दीड-दोन तास जोरात पळालात की त्यातलं बरंचसं खर्च होतं. ते पुन्हा भरायला पोटभर भात, पोळी, भाकरी खाऊनही साधारण २४ तास लागतात. अर्धपोटी असाल तर त्याहून जास्त.

शरीरावर ताण पडला की ते कसं वागतं, याची मांडणी हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये केली. त्याने तीन टप्पे सांगितले : आधी धोक्याची घंटा, मग प्रतिकार आणि जुळवून घेणं, आणि ताण थांबलाच नाही तर शेवटी कोलमडणं. पुढे खेळाच्या प्रशिक्षकांनी यावरूनच धडा घेतला की ताण असा द्यायचा की शरीर दुसऱ्या टप्प्यात राहील, तिसऱ्यात जाणार नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्ट घ्या, पण दोन टेस्टच्या मध्ये अभ्यासाला वेळ द्या. रोज टेस्ट घेतली तर मार्क वाढत नाहीत, पोरं आजारी पडतात.

लॅक्टिक ॲसिडची अफवा

जिममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : "अंग दुखतंय? लॅक्टिक ॲसिड साठलंय, अजून एक सेट मार, निघून जाईल." हे चूक आहे. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट साधारण तासाभरात रक्तातून कमी होऊन पूर्ववत होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग धरतं त्याचं कारण स्नायूंतल्या सूक्ष्म इजा आणि त्यानंतर येणारी सूज. थिओडोर हफ या शास्त्रज्ञाने १९०२ मध्येच हा अंदाज मांडला होता, तरी सव्वाशे वर्षांनंतरही अफवा जिवंत आहे!

हे दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. विशेषतः स्नायू लांबत असताना भार पेलला तर ते जास्त जाणवतं. राजगड चढताना धाप लागते, पण तिसऱ्या मजल्यावरच्या रूममधून खाली येताना "आई गं" म्हणायला लावतो तो गड उतरण्याचा भाग. उतरताना मांडीचे स्नायू ब्रेकचं काम करत असतात. तेव्हा ट्रेकहून आल्यावर दुसऱ्या दिवशी 'लेग डे' करणारा माणूस शूर नसतो, त्याला हिशेब कळलेला नसतो.

हाडाचं गणित आणि माझी चूक

आता थोडं स्वतःबद्दल. सेकंड इयरला आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्रीत उतरायचं मी ठरवलं. त्याआधी माझं धावणं म्हणजे लेक्चरला उशीर झाल्यावरचं. पण जोर असा आला की पहिल्या आठवड्यापासून रोज ६ किलोमीटर, मग ८, तेही डांबरी रस्त्यावर, आठवड्याचे सातही दिवस. माझा रूम पार्टनरही धावायचा, पण तो गुरुवारी धावत नसे. त्याचा गुरुवारचा उपवास. आम्ही त्याला जाम पिडायचो : "दत्तगुरू काय म्हणतात, पळू नको म्हणतात का?" तो हसायचा आणि साबुदाण्याची खिचडी, केळी, दूध हाणून ताणून द्यायचा.

तिसऱ्या आठवड्यात माझी नडगी दुखायला लागली. आधी धावून झाल्यावर, मग धावताना, मग जिना चढताना. मी स्प्रे मारला, क्रेप बँडेज बांधलं, पेनकिलर घेतली आणि धावत राहिलो. पाचव्या आठवड्यात नडगीच्या एकाच बिंदूवर बोट ठेवलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. मी खूश! पण डॉक्टर खूश नव्हते. त्यांनी एमआरआय करायला लावला आणि त्यात दिसला 'स्ट्रेस फ्रॅक्चर', म्हणजे हाडाला गेलेला बारीक तडा. असा तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही, हे मला तेव्हा कळलं. आठ आठवडे धावणं बंद.

मेकॅनिकलचा विद्यार्थी असून मला हे कळू नये याची खरं तर लाज वाटली. 'फटीग' आपण शिकतो. एकाच वेळच्या मोठ्या भाराने नव्हे, तर पुन्हा पुन्हा पडणाऱ्या लहान भाराने धातू तुटतो. जर्मनीत प्रशियाच्या काळात ऑगस्ट व्होलर या इंजिनिअरने रेल्वेच्या ॲक्सलवर प्रयोग करून १८७० पर्यंत हे पक्कं केलं. त्याचा एस-एन कर्व्ह आपण परीक्षेत काढतो. गंमत बघा, त्याच प्रशियात १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या लष्करी डॉक्टरने लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पायांचं वर्णन लिहून ठेवलं. तेव्हा एक्स-रे नव्हता, तो १८९५ मध्ये आला. पुढे एक्स-रेमुळे कळलं की त्या सैनिकांच्या पायांची हाडं चालून-चालून तडकत होती. एकाच देशात, एकाच काळात, ॲक्सल आणि पाय एकाच पद्धतीने मोडत होते!

पण ॲक्सलला गेलेला तडा कधी भरून येत नाही, हाडाचा येतो. हाड जिवंत आहे. त्याच्यावर नवा भार पडला की आधी एका प्रकारच्या पेशी जुनं हाड पोखरून काढतात. या कामाला काही आठवडे लागतात. मग दुसऱ्या पेशी तिथे नवं, जास्त मजबूत हाड भरतात. त्याला महिने लागतात. आता गोम लक्षात घ्या. पोखरणं लवकर होतं, भरणं सावकाश होतं. म्हणून व्यायाम एकदम वाढवल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड काही काळ आधीपेक्षा कमजोर असतं. नेमकं याच वेळी दम वाढलेला असतो, स्नायू तयार झालेले असतात, उत्साह टिपेला असतो. इंजिन वाढलेलं आणि चासी नाजूक झालेली. माझी नडगी याच गणितात अडकली. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडराही अशाच. व्यायामानंतर पहिले २४ ते ३६ तास त्यांच्यातली झीज ही भरपाईपेक्षा जास्त असते. भरपाई त्याच्या पुढे वरचढ होते. रोज तोच भार म्हणजे रोज झीज.

शर्यतीच्या दिवशी मी फिनिश लाइनजवळ पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा होतो. गुरुवारी न धावणारा माझा रूम पार्टनर चौथा आला. त्याने मला काही ऐकवलं नाही. उलट मधले दोन महिने मेसमधून माझं ताट तोच तिसऱ्या मजल्यावर आणत होता. ते ताट खाताना जे वाटायचं, ते कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

एकच ऑलिम्पिक, दोन उदाहरणं

थोडी मोठ्या माणसांची उदाहरणं देतो. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक म्हणजे प्रचंड सरावासाठी प्रसिद्ध असलेला धावपटू. १९५० च्या ब्रुसेल्सच्या युरोपियन स्पर्धेआधी तो अन्नातून विषबाधा होऊन सुमारे दोन आठवडे दवाखान्यात पडला. स्पर्धेच्या तोंडावर बाहेर आला. सगळ्यांना वाटलं, संपलं. तो १०,००० मीटर जवळजवळ एका फेरीच्या फरकाने जिंकला, आणि ५,००० मीटर २३ सेकंदांनी! सक्तीच्या विश्रांतीने त्याच्या शरीराला आधीच्या सगळ्या सरावाचं फळ घेऊ दिलं, असा अर्थ पुढे प्रशिक्षकांनी लावला. आज मोठ्या शर्यतीआधी दोन-तीन आठवडे सराव मुद्दाम कमी करतात, तो याच विचाराने. (याचा अर्थ पी.एल.मध्ये मुद्दाम बाहेरचं काहीही खाऊन आजारी पडा असा नाही!)

याच झाटोपेकने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदकं घेतली. आणि त्याच हेलसिंकीत आपले खाशाबा जाधव, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, कुस्तीत ब्राँझ घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांच्याबद्दल असं सांगतात की जपानच्या इशीशी दमवणारी कुस्ती झाल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता, पण तो मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले. ऑलिम्पिकच्या दर्जाच्या मल्लालाही विश्रांतीशिवाय चालत नाही, मग आपण कोण?

शरीर नोटीस लावतं, वाचायला शिका

नोटीस बोर्ड वाचला नाही म्हणून फॉर्मची तारीख चुकलेले आपल्यात बरेच आहेत. शरीराचा बोर्ड मात्र रोज बघावा. त्यावर पुढच्या गोष्टी दिसल्या तर सुट्टी घ्या :

१) सकाळची नाडी : जाग आल्यावर अंथरुणातच एक मिनिट नाडी मोजा. आठवडाभर मोजलीत की तुमचा नेहमीचा आकडा कळेल. सलग दोन-तीन दिवस तो ५ ते १० ठोक्यांनी जास्त आला तर शरीर अजून सावरलेलं नाही, किंवा ताप-सर्दी येऊ घातली आहे. दोन्हीत उत्तर एकच, आराम.

२) नेहमीचं वजन जड वाटणं, नेहमीच्या अंतराला जास्त वेळ लागणं. अशा वेळी "मेहनत कमी पडते" म्हणून आपण व्यायाम वाढवतो, तिथेच फसतो.

३) थकवा असून झोप न लागणं, भूक मरणं, विनाकारण चिडचिड, वारंवार सर्दी.

४) दुखण्याची जागा : दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील तर ते बहुधा साधं अंग धरणं. एकाच पायात, हाडावर, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत दुखत असेल किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल तर धावणं बंद आणि डॉक्टर. पेनकिलर खाऊन धावणं म्हणजे फायर अलार्मची वायर कापून झोपणं.

५) हे सगळ्यात महत्त्वाचं : अति व्यायामानंतर एक-दोन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलासारखी झाली, स्नायू सुजले, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. पैज लावून मारलेल्या पाचशे बैठका किंवा ज्युनियरला पहिल्याच दिवशी गमतीत काढायला लावलेले जोर यातून हे होऊ शकतं. सीनियर मंडळींनी हे ध्यानात ठेवावं.

सुट्टीच्या दिवशी करायचं काय?

सुट्टी म्हणजे दिवसभर लोळणं नव्हे. वीस-तीस मिनिटं रमतगमत चालणं, हलकं स्ट्रेचिंग, सावकाश सायकलिंग चालेल. धाप न लागता गप्पा मारता आल्या पाहिजेत, हे माप. आपल्याकडे होतं काय, सहा दिवस जिम आणि सातव्या दिवशी सकाळी आठ ते दुपारी दोन 'ए विंग विरुद्ध बी विंग' मॅच. ती सुट्टी नव्हे. मॅच खेळायचीच असेल तर खेळा, पण मग सोमवार मोकळा ठेवा.

झोप ही सगळ्यात स्वस्त दुरुस्ती. वाढीचं हार्मोन गाढ झोपेत भरपूर स्रवतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल खेळाडूंवरचा एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. काही आठवडे त्यांना रात्री १० तास अंथरुणात राहायला सांगितलं, तर त्यांची धावण्याची सरासरी वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ वर आली आणि बास्केटमधली अचूकता सुमारे ९ टक्क्यांनी वाढली. दहा तास आपल्याला जमणार नाहीत, पण सात-आठ जमायला हरकत नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री जागून शीट पुऱ्या केल्या असतील तर सकाळी ग्राउंडवर जाऊ नका. शरीराला अभ्यासाचा ताण आणि व्यायामाचा ताण वेगळा कळत नाही, दोन्ही एकाच खात्यात मांडले जातात.

खाणं : "आज व्यायाम नाही, मग कमी खातो" ही चूक नको, कारण दुरुस्तीचं काम आजच चालू आहे. आपल्या मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते, म्हणून बरेच जण बिस्किटावर भागवतात. त्यापेक्षा दोन उकडलेली अंडी (साधारण १२ ग्रॅम प्रथिनं), नाहीतर उसळ, दही, चणे-शेंगदाणे, दूध-केळी यांची सोय शनिवारीच करून ठेवा.

वेळापत्रक कसं आखावं?

नवशिक्यांनी आठवड्यात तीन दिवस वजनाचा व्यायाम करावा : सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधल्या दिवशी चालणं किंवा हलका खेळ. वर्षभर नियमित करणाऱ्यांनी एका स्नायूगटाला पुन्हा रगडण्याआधी ४८ तास द्यावेत. सोमवारी छाती-खांदे केले तर मंगळवारी पाय, बुधवारी हलकं, असं फिरवावं. धावणाऱ्यांनी दोन जोराचे दिवस लागोपाठ ठेवू नयेत. दर चौथ्या आठवड्यात एकूण व्यायाम निम्म्यावर आणावा. आणि आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा, मग तो रविवार असो की गुरुवार.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दिलेलं मार्गदर्शन बघा : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. दीडशे मिनिटं म्हणजे अर्धा तास पाच दिवस. त्यात दोन दिवस मोकळे ठेवूनही गणित बसतं.

"पण एक दिवस बुडाला तर?"

ही भीती मला माहीत आहे, कारण तो अर्ज मी याच भीतीपोटी लिहिला होता. काही बुडत नाही. दम कमी व्हायला सुरुवात होते ती साधारण दीड-दोन आठवडे पूर्ण बंद ठेवल्यावर, आणि ताकद तर दोन-तीन आठवडे बऱ्यापैकी टिकते. एका रविवारने काही जात नाही. मी मात्र रविवार वाचवायला गेलो आणि आठ आठवडे घालवले. छप्पन्न दिवस. सात रविवार वाचवायच्या नादात वर्षभराचे रविवार खर्च झाले!

तेव्हा मित्रांनो, यंदाचा अर्ज येईल तेव्हा सही करण्याआधी थोडं थांबा. त्यापेक्षा जिमसमोर पाणी पिण्याची सोय व्हावी आणि ग्राउंडच्या ट्रॅकवर माती टाकावी, असा अर्ज करा. त्यावर पहिली सही माझी असेल. आणि रविवारी त्या कुलपाकडे बघून चिडू नका. आत मशिन्स थंड होत असतात, बाहेर तुम्ही मजबूत होत असता.

— अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी